दंड

रक्तदाबाचा पट्टा दंडाला गुंडाळता गुंडाळता डॉक्टरणीचा हात थांबला. "हात सैल सोडा," ती म्हणाली. "सैलच आहे," तपासायला बसलेली ही म्हणाली. डॉक्टरणीने पट्टा काढला, दंड दोन बोटांनी दाबून पाहिला आणि पट्टा पुन्हा, जरा ढिला, बांधला. ऑफिसातली वार्षिक तपासणी होती. बैठकीच्या खोलीतलं लांब टेबल भिंतीला सरकवून मधे एक हिरवा पडदा लावला होता आणि पडद्यापलीकडे रांगेतले लोक एकमेकांच्या पोटांवरून थट्टा करत होते. डॉक्टरीण नुकतीच पास झालेली असावी, कारण ती प्रत्येक गोष्ट खरोखर तपासत होती. तिने नाडी मोजली. घड्याळाकडे बघितलं, पुन्हा मोजली. "तुम्ही काही खेळता का? पोहणं, पळणं?" "नाही." "व्यायामशाळेत जाता?" "मी तक्रार खिडकीवर बसते," हिने सांगितलं. डॉक्टरणीला तो विनोद वाटला. "मग हे आलं कुठून? तुमच्या वयाला बसल्याजागी नाडी साठच्याही खाली, हे खेळाडूचं लक्षण आहे. हृदय तयार झालं की एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, मग त्याला घाई करावी लागत नाही. तुम्ही काहीतरी नियमित करत असणार." तेव्हा हिला जे सांगायला हवं होतं ते हिने सांगितलं नाही. तोंडातून निघालं ते असं, "माझे मिस्टर खेळाचे शिक्षक आहेत." "तरीच," डॉक्टरीण म्हणाली. "सरांना सांगा, छान तयार केलंय तुम्हाला."

ती तपासणीवरून आपल्या खिडकीवर परत आली तेव्हा कान तापले होते. पाणीपुरवठा कार्यालयाची ही खिडकी, तिच्या काचेला मधोमध एक भोक, आणि त्या भोकातून दिवसभर लोक सांगत असतात की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, खाली गढूळ येतं, नळ उघडला की आधी नुसती हवा येते. ती लिहून घेत होती, पण डोकं तिकडे नव्हतं. छान तयार केलंय. कुणी? तिने पेन ठेवलं, डाव्या हाताने उजवा दंड चाचपून पाहिला आणि खिडकीपलीकडच्या म्हाताऱ्याने बघितलं म्हणून पटकन सोडला. घट्ट होता. कधीपासून? सकाळी अंग पुसताना हात याच दंडावरून रोज फिरतो, पण आपल्या शरीराकडे बघायला ती शेवटची कधी थांबली होती, ते तिला आठवेना. गेल्या महिन्यात लिफ्ट बंद होती तेव्हा शेजारच्या टेबलावरची मैत्रीण आणि ती तिसऱ्या मजल्यावर जिन्याने गेल्या होत्या. मैत्रीण दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याला धरून उभी राहिली, तोंड उघडं, छातीवर हात. आणि ही आपली बोलतच होती, कालच्या भाजीबद्दल की कशाबद्दल. तेव्हा तिला वाटलं होतं, मैत्रिणीने आता वजन कमी करायला हवं. स्वतःच्या श्वासाकडे लक्षच गेलं नव्हतं. श्वास लागला असता तर गेलं असतं.

लग्न झाल्यापासून नवरा व्यायामासाठी तिच्या मागे लागला होता. सगळी गल्ली त्याला सर म्हणायची. पहाटे मैदानावर जायचा, गळ्यात शिट्टी, आणि परत आला की अंगाला गवताचा नि घामाचा वास. चहा पिताना तो शिकवायचा. शिकवल्याशिवाय त्याला चहा जात नसे. "माणूस पळायला लागला की पहिल्यांदा काय होतं, सांग. पोटातलं रक्त पायांकडे वळतं. म्हणून जेवून पळायचं नाही. आतल्या लहान लहान नळ्या रुंद होतात, चेहरा लाल होतो, घाम येतो, घाम उडून गेला की अंग निवतं. केवढी व्यवस्था आहे बघ." ती म्हणायची, "माझी व्यवस्था बसूनही चालते." तो हसायचा नाही. "बसून ती गंजते. स्नायूवर भार टाकला की त्याचे धागे जरा जरा तुटतात, मग शरीर ते सांधतं, आणि सांधताना आधीपेक्षा जाड करून ठेवतं, पुढच्या वेळी तुटू नयेत म्हणून. शरीर शहाणं आहे. पण त्याला मागणी लागते. मागितलं नाही तर ते देत नाही, आणि दिलेलंही परत घेतं." एकदा वाढदिवसाला त्याने तिला पळायचे बूट आणले. तिने ते घालून बाजारहाट केला. त्याला राग आला होता, खरोखरचा, आणि तिला गंमत वाटली होती. चार लोकांत तो म्हणायचा, शाळेतली सगळी पोरं पळवली, पण घरातली एक बाई हलली नाही. लोक हसायचे. तीही हसायची. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

आणि हा सगळ्यांच्या नाड्या बघणारा माणूस स्वतःचा रक्तदाब एकदाही मोजून घेत नव्हता, ही गोष्ट आठवली की तिला अजून दात आवळावेसे वाटतात. "मला काय झालंय," म्हणायचा. त्या दिवशी मैदानावर मुलांना पळायला लावून तो रेषेवर उभा होता. शिट्टी तोंडात धरली आणि वाजेना. ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हवा नुसती निघून जात होती. मुलांना वाटलं सर गंमत करताहेत. मग तो बसला. दवाखान्यात तिने त्याला पाहिलं तेव्हा त्याची डावी बाजू कुणीतरी दुसऱ्याची आणून शेजारी ठेवल्यासारखी पडली होती. मेंदूच्या उजव्या बाजूची नस फुटली होती. वाचा वाचली, जरा जड झाली एवढंच. उजवा हात, उजवा पाय धड राहिले. सगळे म्हणाले, नशीब. घरी आणल्यावर पहिल्याच सकाळी त्या नशिबाला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत कसं बसवायचं हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहिला, आणि उत्तर द्यायला दुसरं कुणी नव्हतं. तो उंच होता, हाडापेराने मोठा. दिवसा त्याची थोरली बहीण येऊन बसायची, पण वन्संचे स्वतःचे गुडघे त्यांना धड उचलत नव्हते. तेव्हा सकाळी पलंग ते खुर्ची, खुर्ची ते संडास, संडास ते न्हाणीघर, पुन्हा खुर्ची, आणि संध्याकाळी हेच सगळं उलटं. पहिल्या दिवसांत तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. हृदय कानात, दातांत, कुठेही वाजायचं. त्याला खुर्चीत ठेवून ती न्हाणीघराच्या दाराला टेकायची आणि मांड्या आपोआप थरथरत राहायच्या, थांब म्हटलं तरी थांबायच्या नाहीत. ऑफिसात शिक्का मारायला हात वर होत नसे. मग केव्हातरी ते कमी झालं असणार. केव्हा, ते तिने पाहिलं नाही. दुखणं सुरू झालेलं कळतं, थांबलेलं कळत नाही.

त्याचं उलट झालं. आंघोळ घालताना ती बघायची, त्याची डावी मांडी, जिच्यावर तो उड्या मारून दाखवायचा, ती आतून विरघळत चालली होती. पोटरी हाडावरून लोंबायची. आता तर उजवीही. घरात स्नायूंचा एकच साठा आहे आणि तो एका अंगातून दुसऱ्या अंगात सरकतोय, असं काहीतरी. फिजिओथेरपिस्ट बाई एक दिवसाआड यायच्या. स्पष्ट बोलायच्या. "सर, सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. आत्ता मेंदू नवीन वाटा शोधतो. तुम्ही प्रयत्न केला नाहीत तर त्याला कळणार कसं की वाट हवी आहे? आणि उजव्या बाजूला तर काहीच झालेलं नाही. ती का वाळतेय?" तो मान हलवायचा. "उद्यापासून." ज्याने एका पोराला कधी उद्यापासून म्हणू दिलं नव्हतं, तो. बाई गेल्या की भिंतीकडे बघत पडायचा. तिने गोडीने सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, वन्संकडून सांगवलं. "अगं, त्याच्या जिवाला किती लागलं असेल," वन्सं म्हणायच्या, "त्याच्यामागे कशाला लागतेस? तुझी तब्येत मात्र छान झाली हो. अशी भरल्यासारखी दिसतेस." तिने भांडी घासली.

पण एका बाबतीत तो जागा होता. ती त्याला उचलायला वाकली की त्याच्या डोळ्यांत जुना माणूस यायचा. "कमरेत नको. गुडघ्यात वाक. पाय लांब ठेव. मला अंगाजवळ घे, अजून जवळ. श्वास सोडत उचल, कोंडू नकोस." ती म्हणायची, तुम्हीही जरा उजव्या पायाने रेटा. तो ते ऐकलं नाही असं करायचा. तिच्या खांद्यावर डोकं टाकून, सगळं वजन तिच्यावर सोडून, तिच्या कानाशी तो तिला शिकवायचा. एकदा खुर्चीत बसल्यावर त्याने उजव्या हाताने तिचा दंड धरला, अंगठ्याने दाबला आणि म्हणाला, "हा पूर्वी नव्हता." आवाजात कौतुक होतं. तिने हात ओढून घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ उगाचच मोठा सोडला. तिला समजत नव्हतं, कौतुकाचा एवढा राग का यावा. त्याला वाईट वाटलं असतं, लाज वाटली असती, तर चाललं असतं? चाललं असतं. आज खिडकीवर बसून तिला ते स्पष्ट कळलं. तो आपल्या अंगाशी अंग लावून जिवंत राहिला होता, पण शिक्षक म्हणून. आणि त्याच्याकडे आता एकच विद्यार्थिनी उरली होती, जिने कधी नाव घातलं नव्हतं.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा वन्सं चपला घालून तयारच होत्या. त्या गेल्या. तो पलंगावर उशीला टेकून बसला होता. दुपारभर कूस न बदलल्यामुळे चादर त्याच्याखाली एकाच आकारात चुरगळली होती. नाडीचं सांगायचं नाही असं तिने वाटेत ठरवलं होतं. पण त्याला तपासणीची तारीख लक्षात होती. शाळेतल्या मुलांच्या असायच्या, तशी.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"काही नाही. ठीक आहे सगळं."

"रक्तदाब?"

"ठीक."

"नाडी किती?"

खोटा आकडा सांगता आला असता. पण ती दमली होती, आणि खोटं बोलायलाही थोडी ताकद लागते. तिने खरं सांगितलं. त्याचा चेहरा उजळला, उजवा अर्धा. "काय सांगतेस. बसलेली असताना?" मग उजवा हात मांडीवर आपटून म्हणाला, "माझ्या एकाही पोराची नव्हती एवढी कमी. बघ, मी म्हणत नव्हतो? तू नुसती हट्टी होतीस. तुझ्यात होतंच ते. मला माहीत होतं, मनावर घेतलं तर मी तुला तयार करीन."

ती पर्स टेबलावर ठेवत होती. ती तिने ठेवली. "तुम्ही काय केलंत?"

"म्हणजे?"

"तुम्ही तयार केलंत म्हणता. काय केलंत तुम्ही? पडून राहिलात."

तिला वाटलं आता आपण रडणार, पण रडू आलं नाही, कोरडाच राग येत राहिला. ती खुर्ची पलंगाला लावायला गेली. संडासला न्यायची वेळ झाली होती. राग असला नि नसला तरी ती वेळ व्हायचीच. तिने त्याचे पाय खाली सोडले, काखेतून हात घातले. "पाय लांब ठेव," तो पुटपुटला. "आणि श्वास—" "बोलू नका," ती म्हणाली, आणि झटक्यात उचललं. खुर्चीच्या चाकांना अडणा लावायचा राहिला होता. खुर्ची मागे सरकली. तिने त्याला सोडलं नाही. आपल्या मांडीवरून घसरवत, हळू, अगदी नीट, तिने त्याला जमिनीवर बसवलं, पाठ पलंगाला टेकवून. त्याला काही लागलं नाही. पूर्वीची ती असती तर दोघं धाडकन पडली असती, हेही तिच्या लक्षात आलं आणि तेही आवडलं नाही.

"आता घाई करू नकोस," तो म्हणाला. "आधी गुडघ्यावर ये. माझ्या मागून—"

ती त्याच्या समोर जमिनीवर बसली. भिंतीला टेकली, पाय पसरले. "मी नाही उचलणार."

"दमलीस? बस जरा."

"दमले नाही. दमतच नाही मी आता. पण उचलणार नाही. ऊठ."

शब्द तिच्या तोंडून गेल्यावर दोघांनीही तो ऐकला. एवढ्या वर्षांत तिने त्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती. भांडणातही अहो-जाहोच असायचं, उलट भांडणात जास्तच. तो तिच्याकडे असा बघत राहिला की जणू खोलीत तिसरं कुणीतरी बोललं. मग त्याचा चेहरा लाल झाला. "मला उठता येत नाही हे तुला माहीत आहे."

"उजवा पाय चालतो. उजवा हात चालतो. पलंग पाठीशी आहे. मला शिकवतोस ना रोज? तेच कर. ऊठ."

"तुला लाज वाटत नाही?"

"वाटते. ऊठ."

कितीतरी वेळ काही झालं नाही. बाहेर जिन्यात कुणीतरी किल्ल्या वाजवत वर गेलं. तिला दवाखान्यातल्या डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं, रक्तदाब चढू देऊ नका, आणि फिजिओथेरपिस्ट बाईंचं, त्याला दमू द्या. दोघांचं एकाच वेळी ऐकणं तिला जमत नव्हतं, कधीच जमलं नव्हतं. मग तो हलला. आधी रागाने, तिला दाखवायला. उजवा हात मागे टाकून त्याने पलंगाची कड पकडली आणि ओढलं. बूड जमिनीवरून बोटभर उचललं गेलं आणि परत आदळलं. त्याने शिवी दिली. पुन्हा ओढलं. या वेळी उजवा पाय दुमडून खाली घेतला, आणि डावा तसाच पसरलेला राहिला, गाढ झोपलेला. कपाळावर घाम आला. मानेवरची शीर तिला समोरून दिसत होती, उडत होती. श्वासाला आवाज यायला लागला. एवढ्याशा कामाला एवढा श्वास. जे हृदय चढावर मुलांच्या पुढे जायचं, ते आता एका पलंगाच्या उंचीला भिऊन धावत होतं. तिला उठून त्याला धरावंसं वाटलं. हात तयारच होते, त्यांना आता सांगावंही लागत नसे. तिने ते मांडीखाली दाबून धरले. काहीही न करता, नुसती बसून, तिचीच छाती धडधडत होती.

तो गुडघ्यावर आला. उजव्या गुडघ्यावर, छाती पलंगावर टेकलेली, तोंड चादरीत. तिथे अडकला. वर जाता येईना, खाली येववेना. पाठ भात्यासारखी हलत होती आणि सदरा ओला होऊन तिला चिकटला होता. बराच वेळ त्याने प्रयत्न केला. पाय रेटला, तो सरकला. पुन्हा रेटला, पुन्हा सरकला. मग रेटणं थांबलं. चादरीतून आवाज आला, "नाही होत." त्यात शिक्षक नव्हता, राग नव्हता. ती उठली. पण लगेच हात लावला नाही, त्याचा श्वास खाली बसेपर्यंत शेजारी गुडघे टेकून थांबली. मग मागून धरून त्याला वर घेतलं. त्याने एकही सूचना केली नाही. संडासची वेळ टळून गेली होती. तिने चादर बदलली, त्याचं अंग पुसलं, कपडे बदलले. जेवताना तो घास चावत राहिला आणि ताटाकडे बघत राहिला, आणि तिला कळेना की आपण आज काय केलं. काही जिंकलं असंही वाटत नव्हतं. एका आजारी माणसाला जमिनीवर बसवून ठेवलं, एवढंच दिसत होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

सकाळी तिने पडदा सरकवला तेव्हा तो जागा होता. चेहरा आंबलेला. तिने पांघरूण काढायला हात घातला तर तो कळवळला.

"काय झालं?"

"दुखतंय."

"कुठे?"

"सगळीकडे." त्याने उजव्या मांडीकडे मान हलवली. "इथे. खांद्यात. इथे पाठीत."

तिने मांडीवर हात ठेवला. चामडीखाली काहीतरी कडक होऊन बसलं होतं, तिच्या स्पर्शाने ते उडालं. ती वाट बघत राहिली. आता तो सांगेल, काय झालंय, का झालंय, आत काय चाललंय, ते चांगलं की वाईट. त्याने सांगितलं नाही. डोळे मिटून घेतले आणि म्हणाला, "फार दुखतं गं."

मलाही दुखायचं, असं तिला म्हणता आलं असतं. कितीतरी सकाळी होत्या तिच्याकडे, म्हणायला. "हो," ती म्हणाली, "दुखतं." आणि ती मांडी दाबत बसली. ऑफिसला उशीर होणार हे दिसतच होतं. मग तिने त्याचे पाय खाली सोडले, खुर्ची लावली, अडणा लावला, हलवून पाहिला, आणि त्याच्या काखेतून हात घातले. कानाशी काही आवाज आला नाही. तिने उचललं. उचलताना तिला वाटलं, खालून काहीतरी रेटलं. अगदी थोडं. रोजच्यापेक्षा तो मूठभर हलका आला, किंवा आला नाही, ती नीट झोपली नव्हती. खुर्चीत बसल्यावर तिने त्याच्या उजव्या पायाकडे बघितलं. पाय नुसता पाय होता. त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो खिडकीकडे बघत होता.

"रेटलंस का?" तिने विचारलं.

तो खिडकीकडेच बघत राहिला. आणि तिला पुन्हा राग आला, कालच्यापेक्षा जास्त, कारण इतके दिवस निदान काही बघावं लागत नव्हतं. आता तो रेटतो का, ते संध्याकाळी बघावं लागणार होतं. आणि उद्या. तिने खुर्ची वळवली आणि न्हाणीघराकडे ढकलली.